सागाचे रान हिरवे आहे, पण तिथे खायला काय आहे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की खड्डा, रोपटे आणि पाहुण्यांचे हात असलेले फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. वनमहोत्सव १९५० पासून सुरू आहे. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी रोपांची लक्ष्ये ठरली. आकडा नेहमी सांगितला जातो. लावलेले झाड कोणाच्या उपयोगाचे, हे क्वचितच. सध्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, हिंगणा, कळमेश्वर, उमरेड या बाजूंना सागाचे जुने तुकडे किंवा झाडोऱ्याची पडीक जमीन असलेले अनेक मालक ‘पक्षी-प्राणी यावेत म्हणून झाडे लावायची आहेत’ असे म्हणतात. हेतू चांगलाच आहे. पण आधीच झाडे असलेल्या जमिनीत आणखी पाचशे रोपे कोंबली, तर पुष्कळदा असलेले पक्षीही कमी होतात. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

नागपूरच्या आसपासचे रान कोरडे, पानगळीचे आणि मुख्यतः सागाचे. साग, धावडा, ऐन यांच्या सावलीत सगळे हिरवे दिसते, पण फळ खाणाऱ्याला तिथे फारसे काही मिळत नाही. सागाचे फळ कडक, धावड्याचे बी बारीक आणि कोरडे. अशा रानात झाडे पुरेशी असतात. नसतो तो मधला मजला. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंतची झुडपे चराईने, सरपणतोडीने आणि ‘साफसफाई’च्या हौसेने गेलेली असतात. बुलबुल, सातभाई, ससा, मुंगूस, रानमांजर या सगळ्यांचा संसार याच मजल्यावर चालतो. पावसाच्या तोंडावर येऊन इथेच वीण घालणारा नवरंग तर झुडपांखालच्या पालापाचोळ्यातच किडे शोधतो. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ ठेवणाऱ्याच्या आवारात तो उतरत नाही.

त्यामुळे पहिले काम कुदळीचे नाही, बघण्याचे. मे महिन्यात, पाने गळालेली असताना, जमिनीचा हातानेच नकाशा काढावा. कुठे ऊन पोहोचते, नाला कुठून जातो, मुरूम कुठे आणि काळी माती कुठे, वारुळे कोणती, ढोलीची झाडे कोणती, हे त्यात यावे. कापलेल्या खुंटांतून आणि मुळांतून फुटवा येत असलेल्या जागांवर वेगळी खूण करावी. तेंदू, पळस, बोर, धावडा यांची जुनी मुळे जमिनीत वर्षानुवर्षे तग धरून असतात. चराई थांबवली आणि आग आवरली की दोन पावसाळ्यांत ती स्वतःच उठतात. असे फुकट उगवणारे रोप विकतच्या रोपापेक्षा कधीही बळकट, कारण त्याचे मूळ आधीच खोल गेलेले असते. अशा जागी खड्डा खणू नये.

दुसरा मुद्दा उजेडाचा. सहा-सहा फुटांवर लावलेल्या दाट सागाखाली बोर किंवा आवळा लावला तर तो जगेल, पण फळणार नाही. तिथे विरळणी करून उजेडाचे तुकडे तयार करावे लागतात. मात्र साग, मोह, ऐन, बीजा, तिवस यांसारखी झाडे मालकीच्या जमिनीवरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात येतात, त्यामुळे आधी परवानगी आणि मग कुऱ्हाड. महापालिका हद्दीत १९७५ चा झाडे जतन कायदा लागू होतो. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल, तर काहीही करण्याआधी वनविभागाला विचारावे. याउलट रानातली जी मोकळी गवताळ जागा आहे ती ‘रिकामी’ समजून भरू नये. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे गवत हे चितळाचे ताट आणि तितराचे घर. जमिनीचा निदान पाचवा हिस्सा गवतालाच सोडावा, असे आमचे मत आहे.

आता काय लावायचे. यादी झाडांच्या नावांवरून न करता महिन्यांवरून करावी. बारा महिन्यांचा कागद घ्यावा आणि आपल्या जमिनीत कोणत्या महिन्यात काय फुलते, काय पिकते ते लिहावे. जो महिना कोरा दिसेल त्याचे झाड आणावे. आपल्याकडे हिवाळ्यात बोर, एरोणी, आवळा आणि बेहडा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, काटेसावर, पांगारा यांच्या फुलांतला मध मैना, बुलबुल, शिंजीर यांना पोसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती न खाणारा प्राणी रानात विरळाच. एप्रिलपासून चार म्हणजे चारोळी, तेंदू, वड, मग करवंद, आणि पावसाच्या तोंडावर जांभूळ व कुसुम. उन्हाळा आपल्याकडे वाटतो तितका उपाशी नसतो. पाण्याची टंचाई मात्र असते. फळांची खरी ओढाताण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. त्या काळात किडे भरपूर, म्हणून बुलबुलाचे भागते, पण निव्वळ फळांवर जगणाऱ्या हरियालचे आणि बऱ्याच अंशी फळांवर जगणाऱ्या धनेशाचे भागत नाही. ती जागा उंबर, पिंपळ आणि पिंपरण भरून काढतात. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, आणि एकाच जातीची दोन झाडे एकाच आठवड्यात फळतीलच असे नसते. म्हणून एकच मोठा वड लावून थांबू नये. या कुळातली चार-पाच झाडे जमिनीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत असली की बहुतेक महिन्यांत कुठे ना कुठे पिकलेले फळ असते. हरियाल हा आपला राज्यपक्षी. त्याला पाट्यांवर रंगवण्यापेक्षा पिंपरण लावणे जास्त उपयोगाचे.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेंदूमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. एकच तेंदू लावून दहा वर्षे टेंभरांची वाट पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येऊ शकते. आवळ्याच्या एकाच झाडावर दोन्ही फुले असली तरी स्वतःच्या परागाने फळधारणा जेमतेम होते. म्हणून अशी झाडे एकेकटी न लावता पाच-सहाच्या गटात, वेगवेगळ्या झाडांच्या बियांपासून केलेली लावावीत. कलमी आवळा किंवा कलमी बोर तर नकोच. एकाच झाडाची ती नक्कल असते, आणि बाजारासाठी मोठी केलेली फळे लहान पक्ष्यांच्या चोचीत मावत नाहीत.

झुडपांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि पक्षी सर्वांत जास्त. सागाच्या विरळ सावलीत मुरुडशेंग उत्तम चालते. पावसाळ्यात तिच्या लाल फुलांवर शिंजीर आणि सातभाई असतात. धायटी मुरमाड उतारावर, नाल्याच्या काठच्या दगडांत लावावी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती शेंदरी फुलांनी भरते. करवंद आणि एरोणी काटेरी, म्हणून घरट्यांना सुरक्षित. हेंकळ, अडुळसा, रानातला गोडनिंब यांनाही जागा द्यावी. गोडनिंबासारखी लिंबूवर्गीय झाडे असली की काळ्या-पांढऱ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या येतात, बहावा आणि तरोटा असला की फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या, रुईवर केशरी फुलपाखरांच्या. अळ्यांनी पाने खाल्ली म्हणजे रोग पडला असे समजून फवारणी करणाऱ्यांनी फुलपाखरांची अपेक्षा ठेवू नये. सागाच्या पानांची पावसाळ्यात जाळी होते तीही तशीच सोडावी. त्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्ले वाढतात, आणि सागाला पुन्हा पाने येतात.

झुडपे ओळीत लावली तर कुंपण होते, जाळी म्हणजे झुडपांचा दाट पुंजका होत नाही. साधारण वीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद पट्टा, कडा वेड्यावाकड्या, दोन झुडपांत दीड मीटर अंतर, अशी पन्नासेक झुडपांची एक जाळी धरावी. एकरी अशा तीन जाळ्या आणि नवी झाडे पंचवीस-तीस, एवढे पुरे. जाळ्या रानाच्या कडेला, गवत आणि झाडे जिथे भेटतात तिथे घ्याव्यात. कडेची जागाच सर्वांत गजबजलेली असते. मोठी झाडे एकमेकांपासून आणि जुन्या सागापासून सहा मीटरवर, तर वड, पिंपळ, पिंपरण पंधरा-वीस मीटरवर. ही शेवटची तीन घर, विहीर आणि पाण्याच्या टाकीपासून लांबच असावीत.

रोपांबाबत अडचण अशी की रोपवाटिकेत गुलमोहर, काशिद, सप्तपर्णी सहज मिळते. मुरुडशेंग मागितली तर समोरचा चेहऱ्याकडे बघतो. म्हणून बी स्वतः गोळा करावे लागते, आणि इथेच निम्मे लोक हरतात. मोहाचे बी जून-जुलैमध्ये पिकते आणि काही आठवड्यांतच मरते. ते साठवायचे नाही, पडले की लगेच जागेवरच टोचायचे. पळसाचे तसेच, त्याचे सोटमूळ इतक्या लवकर खोल जाते की पिशवीतले रोप लावल्यावर रुसते. तेंदूलाही पिशवी मानवत नाही. चारोळीचे कवच हलक्या हाताने तडकवावे. जोर झाला की आतला दाणा फुटतो. बोराची आठोळी पाण्यात टाकून तरंगणारी फेकावी आणि बुडालेली तडकवून लावावी. बेहडा एक दिवस-रात्र भिजवावा. पेरल्यावर वर काट्या ठेवाव्यात, कारण उंदीर बी उकरून नेतात. बहाव्याच्या बियांवर उकळते पाणी ओतून रात्रभर त्यातच ठेवावे, नाहीतर त्या वर्षभर ढिम्म बसतात. आवळ्याची फळे उन्हात वाळवली की आठोळी आपोआप फुटून बी बाहेर येते. वडा-उंबराचे बी खसखशीएवढे. ते पेरत बसण्यापेक्षा खुंट लावावा. मनगटाएवढी जाड, सहा-सात फूट लांब फांदी पावसाआधी कापून दीड-दोन फूट खोल गाडावी आणि वरच्या कापावर शेणमातीचा लेप द्यावा. सालई आणि मोई यांचे खुंटही असेच लागतात. धुऱ्यावर त्यांचे जिवंत कुंपण होते आणि सिमेंटच्या खांबांचा खर्च वाचतो.

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. झाडासाठी साठ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल, झुडपासाठी पंचेचाळीस. मुरमात तळ सब्बलीने फोडावा, नाहीतर मूळ खड्ड्यातच गोल फिरत राहते. भरताना वरची माती दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, शिवाय पाव किलो निंबोळी पेंड. ‘पूर्ण कुजलेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ओल्या शेणातून हुमणी येते आणि ऑगस्टमध्ये हिरवेगार दिसणारे रोप हाताने उचलले तर मुळाशिवाय वर येते. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याला उधई लागते आणि तिथून ती रोपावर चढते.

काळ्या मातीचे दुखणे वेगळे. तिथे खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात टाके. पाणी साचून मुळे कुजतात. तिथे खड्डा भरून वर वीत-दीड वीत उंचीचा उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. मार्चपासून त्याच मातीला भेगा पडतात आणि बारीक मुळे तटातट तुटतात. तेव्हा रोपाभोवती हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात आणि वाळलेल्या गवताचे व पाल्याचे दहा सेंटीमीटर आच्छादन द्यावे. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. चार बोटे जागा सोडावी.

लावणी दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती हातभर ओली झाल्यावर करावी. आपल्याकडे तो काळ जूनअखेर ते जुलैचा मध्य. ऑगस्टअखेरच्या समारंभात लावलेल्या रोपाला मूळ खाली उतरवायला वेळ मिळत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्याचा हिशेब होतो. पिशवी पूर्ण काढावी, तळाशी गुंडाळलेले मूळ बोटभर छाटावे आणि रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. पहिल्या उन्हाळ्यात फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी पंधरा लिटर पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याने, तिसऱ्या वर्षी बंद. रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे वरच राहतात आणि एका चुकलेल्या आठवड्यात रोप जाते.

प्राणी यावेत म्हणून लावलेले रोप प्राणीच आधी खातात. रोही (नीलगाय) आणि चितळ शेंडा खुडतात, ससा बुंध्याशी तिरपा काप घेतो, सायाळ साल सोलते. बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचे पाच फूट उंच कडे प्रत्येक रोपाभोवती लावावे आणि बुंध्याला खालच्या फूटभर भागात बांबूचा तट्टा गुंडाळावा. झुडपांच्या जाळीला मिळून एकच कडे पुरते. तीन वर्षांनी ते काढून टाकावे.

रायमुनियाबद्दल, म्हणजे घाणेरीबद्दल, दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना ती एका दिवसात जेसीबीने हवी नाहीशी, काही म्हणतात पक्षी फळे खातात, राहू द्या. पक्षी ती खातात आणि तिचे बी पसरवतात, हीच अडचण आहे. पण तीच आज कित्येक ठिकाणी एकमेव आडोसा आहे. म्हणून आधी शेजारी देशी झुडपांची जाळी उभी करावी आणि रायमुनिया दरवर्षी एक तृतीयांश काढावी. वरून छाटली तर दुप्पट फुटते. पावसात माती मऊ असताना, फळे पिकण्याआधी, मुख्य मूळ जमिनीच्या दोन बोटे खाली कुदळीने तोडावे आणि गड्डा उलटा करून मुळे आभाळाकडे राहतील असा ठेवावा. पुढची तीन वर्षे, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, नवी रोपे हाताने उपटावी लागतात. सुबाभूळ, वेडी बाभूळ, गिरिपुष्प नव्याने तर लावूच नयेत. लवकर वाढतात हाच त्यांचा गुण सांगितला जातो आणि तोच दोष आहे.

आगीचा हंगाम वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो. मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तिथून वणवा सुटतो. जानेवारीअखेर जमिनीच्या हद्दीवर तीन ते सहा मीटर रुंद जाळरेषा गवत-पाला काढून साफ करावी. मोहाखालचा पाला पेटवू न देता झाडून बाजूला करावा आणि वेचणाऱ्यांना वेचू द्यावे. त्यांना हाकलले तर रात्री पेटते. वाळलेले उभे झाड आणि पडलेला ओंडका मात्र सरपणाला देऊ नये. सुतार, पोपट, पिंगळा यांना ढोल्या लागतात, आणि धनेशाची मादी तर अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. बांडगूळही सगळे काढू नये. फुलटोच्याचे ते मुख्य अन्न आहे.

आणि कोणाला बोलवायचे हे आधी ठरवावे लागते. मिहान परिसरात २०१९ मध्ये वाघ फिरला होता, २०२१ मध्ये बिबट्या शहराच्या वस्तीत आला होता. बोर, उमरेड-कऱ्हांडला आणि पेंच या संरक्षित जंगलांना जोडणाऱ्या वाटांवर आपली गावे आणि शेते आहेत. घराच्या अंगणात मोह, बोर आणि पाणवठा एकत्र केला तर अस्वल आणि रानडुक्कर येतील, चितळ आले की त्यांच्या मागावरचाही येईल. म्हणून घरापासून शंभर मीटरच्या आत पक्षी आणि फुलपाखरांपुरतीच झुडपे ठेवावीत, तीही पायवाटेला चिकटून दाट नकोत. मोह, तेंदू, बोर आणि जमिनीवरचा पाणवठा रानाच्या लांबच्या कडेला, शेजाऱ्याच्या पिकापासूनही दूर. मिठाचे ढेकूळ, भाकरी, धान्य टाकू नये. पक्ष्यांसाठी पसरट भांडे, पाणी चार बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड आणि रोज धुणे. कठडा नसलेल्या विहिरीला आधी कठडा बांधावा. रात्री त्यात पडून जनावरे मरतात. कुंपणात थेट तारेवरची वीज सोडणे तर गुन्हाच आहे, आणि त्यात माणसेही मेली आहेत. फार्महाऊसची कुत्री रात्री बांधलेली असावीत, नाहीतर ससे, घोरपडी आणि चितळाची पाडसे पहिल्याच वर्षी संपतात.

शेवटी एक मागणी, आपल्या दैनिकामार्फत. तालुक्यांतल्या शासकीय रोपवाटिकांनी देशी झुडपांची रोपेही तयार करावीत. मुरुडशेंगेचे बी जानेवारी ते मार्चमध्ये, एरोणीचे जानेवारीत, धायटीचे मेमध्ये आणि करवंदाचे मे-जूनमध्ये गोळा करता येते. करवंदाचे बी ताजेच पेरावे लागते, म्हणून त्याच्या वाफ्याची तयारी फळे पिकण्याआधीच हवी. रोपांच्या दरपत्रकात या चार नावांची ओळ आली, तर निदान मागायला तरी काही राहील.

आपले,
नागपूर परिसरातील काही वनस्पती अभ्यासक